डॉ. आनंदीबाई जोशी : बाळंतिणीच्या खाटेकडे पाठ न फिरवणारी मुलगी



आपल्या मलकापुरात कृष्णा हॉस्पिटल आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, नर्सिंगचे कॉलेज आहे. त्यामुळे या परिसरात परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुली घरोघरी भेटतात. कुणाची मुलगी, कुणाची भाची, कुणाकडे भाड्याने राहणारी विद्यार्थिनी. या मुलींशी बोलताना एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे लेबर रूममधला पहिला दिवस. रक्त, पाणी, तो विशिष्ट वास, कळा देणाऱ्या बाईचे ओरडणे, शेवटी बाहेर येणारी वार. हे सारे पाहून कुणाला मळमळते, कुणाला दरदरून घाम फुटतो, कुणी भिंत धरून मटकन खाली बसते. बरोबरीच्या मुली हसतात. मग रात्री घरी फोन जातो की हे शिक्षण काही मला जमणार नाही. इकडे आईवडिलांनी कर्ज काढून फी भरलेली असते. त्यांनाही काय सांगावे ते सुचत नाही.

अशा मुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आम्ही या रविवारी एका मराठी मुलीचे चरित्र थोडक्यात सांगणार आहोत. तिचे नाव आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले आहे. पहिली महिला डॉक्टर म्हणून परीक्षेपुरते ते पाठही केलेले आहे. परंतु ती कोणत्या खाटेवरून उठून डॉक्टर व्हायला निघाली, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टात कारकून होते. पहिली पत्नी वारलेली, आणि वयाने ते तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. बायकोने शिकलेच पाहिजे, असा गोपाळरावांचा हट्ट होता. त्या काळात हा हट्ट जगावेगळा होता. पण त्यांचा स्वभाव तापट होता. अभ्यासासाठी त्यांनी या लहान मुलीवर हातही उगारला. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी नवऱ्याला त्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. आम्ही हे लपवून ठेवत नाही. चांगल्या हेतूने केलेला मारही मारच असतो.

चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि ते बाळ अवघे दहा दिवस जगले. हे दुःख घेऊनच त्या वैद्यकीच्या वाटेकडे वळल्या.

त्या काळी बाळंतपण कसे होत असे, हे आपल्या वाचकांतील वयस्कर मावशी-आजींना त्यांच्या आजींकडून ऐकून ठाऊक असेल. घरातली सर्वांत अंधारी खोली बाळंतिणीला दिली जाई. वारा लागू नये म्हणून खिडक्या-झरोके बुजवले जात. आत शेगडी आणि धुरी. दहा दिवस सोयर. तोवर बाळंतिणीला शिवायचे नाही, शिवले तर अंघोळ. बाळंतपण करायला सुईण येई. ती बहुधा गरीब, खालच्या मानलेल्या जातीची. तिच्या हातांत पिढ्यांचा अनुभव असे, पण स्वच्छ पाणी, उकळलेली कात्री, जंतू म्हणजे काय याची माहिती तिला कुणी दिलेली नसे. नाळ कापताना धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात शिरत. हातांवाटे बाईला सूतिकाज्वर होई. पुरुष डॉक्टर गावात असला तरी त्याला आत येऊ द्यायचे नाही, अशी लाज. आणि ज्यांना शिकण्याची सोय होती त्यांना या खोलीत पाय ठेवायची किळस.

बंधुभगिनींनो, येथे आम्हांला एक गोष्ट सांगायची आहे. लेबर रूममध्ये मुलीला येणारी मळमळ फक्त तिच्या पोटातली असते. पण समाजालाही मळमळ येत असे, आणि त्या मळमळीला आपण विटाळ असे भारदस्त नाव दिले होते. मुलीची मळमळ दहा मिनिटांत जाते. समाजाची मळमळ शेकडो वर्षे टिकली, आणि तिची किंमत त्या अंधाऱ्या खोलीत निजलेल्या बाईने आणि तिच्या बाळाने मोजली. आनंदीबाईंनी ही किंमत खाटेवर निजून मोजलेली होती. सर्वांनी तोंड फिरवले की काय होते, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

गोपाळरावांची बदली वरचेवर होई. अलिबागनंतर काही काळ ते कोल्हापूरला होते. तेथे त्यांची अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांशी ओळख झाली. पत्नीला अमेरिकेत शिकवता येईल का, अशी विचारणा त्यांनी पत्राने केली. ते पत्र पूर्वी कोल्हापुरात काम केलेले रॉयल वाइल्डर यांच्यापर्यंत पोहोचले. वाइल्डर तेव्हा अमेरिकेत एक मिशनरी मासिक चालवीत. पतिपत्नी ख्रिस्ती झाल्यास मदत करता येईल, असा त्यांचा सूर होता. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हते. पण पत्र मासिकात छापून आले, आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात ते आले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्यांनी कोणतीही अट घातली नाही. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. मदत करताना अट घालणारा आणि अट न घालणारा, यांतील कोण प्रभूच्या अधिक जवळ होता, हे आम्ही वाचकांवर सोपवतो.

गोपाळरावांची बदली पुढे बंगालमध्ये झाली. तेथे आनंदीबाईंची प्रकृती बरी नसे. डोके दुखे, ताप येई, धाप लागे. तरी त्यांनी अमेरिकेस जायचे ठरवले. लोकांनी टीका केली. बाईने समुद्र ओलांडायचा, तोही एकटीने, म्हणजे धर्म बुडालाच! तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजात त्या स्वतः सभेपुढे उभ्या राहिल्या. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, आपण का जात आहोत आणि आपण आपला धर्म का सोडणार नाही, हे त्यांनी शांतपणे मांडले. त्या वेळी त्यांना अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटर मावशी त्यांना उतरवून घ्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. हे कॉलेज १८५० मध्ये सुरू झालेले. डीन होत्या रेचल बॉडली. तेथे शरीररचना, रसायन, औषधे, प्रसूतिशास्त्र असे सर्व विषय होते. शवविच्छेदन शिकायचे होते, आणि खाटेजवळ उभे राहून बाळंतपणही. आता विचार करा. ज्या घरात मृताला शिवले तर सुतक आणि बाळंतिणीला शिवले तर सोयर, त्या घरात वाढलेली ही मुलगी. तिच्या अभ्यासाचे दोन मोठे विषय नेमके तेच, जे तिच्या समाजाने हात न लावण्याचे ठरवले होते. तिच्यासोबत जपानच्या केइ ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लांबुली शिकत होत्या. तिघींचे देश वेगळे, पेहराव वेगळे, पण तिन्ही देशांतल्या बायकांची अडचण एकच.

अशी कॉलेजे ज्यांच्यामुळे निघू शकली, त्या स्त्रियांमध्ये एक नाव एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचे आहे. त्यांच्याविषयी दोन शब्द सांगणे येथे आवश्यक आहे, कारण मळमळणाऱ्या विद्यार्थिनींना त्यांच्याइतकी जवळची मैत्रीण शोधून सापडणार नाही. ब्लॅकवेलबाईंना तरुणपणी शरीराशी संबंधित कोणत्याही गोष्टीची मनापासून शिसारी होती. शाळेत शिक्षकांनी बैलाचा डोळा दाखवायला आणला तेव्हा त्यांना तो पाहवेना. वैद्यकीचे पुस्तक बघणेही नको वाटे. पुढे एक मैत्रीण दुर्धर आजाराने मरणपंथाला लागली. स्त्री डॉक्टर असती तर माझे हाल इतके झाले नसते, असे ती बोलून गेली. ते शब्द ब्लॅकवेलबाईंच्या मनातून जाईनात. १८४९ मध्ये त्या अमेरिकेतील पहिल्या पदवीधर स्त्री डॉक्टर झाल्या. पदवी असूनही मोठी रुग्णालये त्यांना दारात उभे करीनात. म्हणून त्याच वर्षी पॅरिसच्या ला मातेर्निते या प्रसूतिगृहात त्यांनी साध्या शिकाऊ सुईणीच्या जागी प्रवेश घेतला आणि इतर मुलींबरोबर रात्रंदिवस बाळंतपणे केली. तेथे एका तान्ह्या बाळाचे पू झालेले डोळे धुताना संसर्ग त्यांच्या डोळ्यात गेला आणि तो डोळा कायमचा गेला. शल्यचिकित्सक होण्याचे स्वप्न तेथेच संपले. तरी त्या मागे फिरल्या नाहीत. १८५७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये गरीब बायका-मुलांसाठी रुग्णालय काढले. शिसारी ही अपात्रतेची खूण असती, तर ही बाई कधीच डॉक्टर झाली नसती.

आनंदीबाईंपुढे आणखी वेगळ्या अडचणी होत्या. फिलाडेल्फियाची थंडी हाडे गोठवणारी. अंगावर लुगडे, जेवण शाकाहारी, भाषा परकी. क्षयाने शरीर पोखरायला सुरुवात केलेली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. समारंभाला गोपाळराव होते आणि नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. पदवीच्या प्रबंधासाठी आनंदीबाईंनी विषय निवडला होता आर्य हिंदू लोकांमधील प्रसूतिशास्त्राचा. त्यात त्यांनी आपल्या जुन्या संस्कृत ग्रंथांतील माहितीचा आधार घेतला. हृदय, फुप्फुसे, डोळे, कितीतरी विषय होते. दहा दिवसांच्या बाळाला मूठमाती दिलेल्या आईने पुन्हा बाळंतिणीच्या खोलीचाच विषय घेतला, ही गोष्ट आम्हांला फार मोठी वाटते.

इकडे कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची प्रमुख म्हणून नेमले. ते हॉस्पिटल म्हणजे आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो ते. आपल्यापैकी कितीतरी जण पेशंटला घेऊन याच महामार्गाने कोल्हापूरला सीपीआरमध्ये गेलेले आहेत. तेथील खाटांजवळ आनंदीबाई उभ्या राहणार होत्या. पण १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या अंथरुणावर खिळूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसलाही पोहोचले नव्हते. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात त्यांना एक दिवसही काम करता आले नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवण्यात आल्या.

हिशेबी माणूस म्हणेल, मग उपयोग काय झाला? एकही बाळंतपण कोल्हापुरात केले नाही. पण काशीबाई कानिटकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले, ते घराघरांत वाचले गेले, आणि सभ्य घरची मुलगी या कामाला हात लावू शकते ही गोष्ट लोकांना प्रथमच दिसली. आनंदीबाई गेल्यावर सात वर्षांनी, १८९४ मध्ये, आपल्या शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशन हॉस्पिटल उघडले. हळूहळू मुली परिचारिका होऊ लागल्या. आज मलकापुरात ज्या शेकडो मुली गणवेश घालून ड्यूटीला जातात, त्यांची वाट अशीच एकेका पावलाने झाली आहे.

विटाळाची गोष्ट ऐकून आपण कॅथलिक लोकांनी दुसऱ्यांकडे बोट दाखवू नये. आपल्या ख्रिस्तसभेतही व्रतस्थ भगिनींनी प्रसूतीच्या कामात भाग घेऊ नये असा नियम कित्येक वर्षे होता. ब्रह्मचर्याच्या व्रताला ते शोभत नाही, असा त्यामागचा विचार. त्यामुळे मिशनच्या देशांत बायका मदतीवाचून मरत आणि सिस्टरांचे हात बांधलेले असत. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन यांनी उतारवयात रावळपिंडीला रुग्णालय सुरू करून दिले आणि हा नियम बदलावा म्हणून रोमकडे पुन्हा पुन्हा विनंती केली. १९१३ मध्ये त्या वारल्या, नियम तसाच होता. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ऑस्ट्रियाच्या ॲना डेंगल यांनी रावळपिंडीत काम केले, १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापला आणि चिकाटी सोडली नाही. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने सिस्टरांना प्रसूतिसेवेची मोकळीक दिली. कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांनी १९४८ मध्ये पाटण्यात रुग्णसेवेचे शिक्षण घेतले ते याच सिस्टरांकडे. ज्या प्रभूचा जन्म गोठ्यात झाला, त्याच्या सभेलाही बाळंतिणीच्या खाटेजवळ यायला इतका वेळ लागला. म्हणून कुणा मुलीला पहिल्या दिवशी भोवळ आली तर आपण हसू नये.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनातील एक विचार आमच्या मनात ठसला. मनात आपोआप उठणारी भावना ही स्वतः पाप नाही आणि पुण्यही नाही. तिचे पुढे आपण काय करतो, यावर सारे ठरते. आणि धैर्याचे मुख्य काम चाल करून जाणे हे नसून टिकून उभे राहणे हे आहे. लेबर रूमला हे तंतोतंत लागू पडते. तेथे विद्यार्थिनीला लढाई जिंकायची नसते. पाय जमिनीवर ठेवून, त्या बाईचा हात हातात घेऊन, बाळ येईपर्यंत थांबायचे असते.

तरीही नुसता उपदेश करून आम्ही थांबणार नाही. भोवळ येते तेव्हा शरीरात काय होते, ते समजून घ्यावे. भय किंवा किळस वाटली की काही जणांच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, रक्तदाब उतरतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. हा भित्रेपणा नाही, शरीराचा धर्म आहे. म्हणून उपाशीपोटी ड्यूटीला जाऊ नये. थोडे खाऊन, पाणी पिऊन जावे. राखेच्या बुधवारी किंवा शुभ शुक्रवारी उपास असेल आणि त्या दिवशी लेबर रूमची पाळी असेल, तर आम्हांला येऊन विचारावे. योग्य कारण असल्यास धर्मगुरूला सूट देता येते. गुडघे ताठ करून एकाच जागी उभे राहू नये. पोटऱ्या आणि मांड्या आवळाव्यात, सोडाव्यात. अंधारी येते असे वाटताच सिस्टरांना सांगून खाली बसावे, डोके खाली करावे. उभे राहण्याच्या हट्टापायी निर्जंतुक केलेल्या ट्रेवर पडण्यापेक्षा बसलेले बरे. डोळ्यांना फक्त रक्त दिसत असेल तर नजर आईच्या चेहऱ्याकडे न्यावी. हाताला काम घ्यावे. नाडी मोजावी, बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकावेत, घाम पुसावा. नुसते पाहणाऱ्याला लवकर चक्कर येते, काम करणाऱ्याला उशिरा. आणि एकदा बाहेर पडावे लागले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा आत जावे. बहुतेकींची मळमळ चार-सहा वेळांत ओसरते. महिने उलटूनही ती कमी झाली नाही, तर शिक्षिकेशी मोकळेपणाने बोलावे. रुग्णसेवेत इतरही विभाग आहेत, आणि तेथे जाण्यात कमीपणा नाही.

आईवडिलांना आमची विनंती अशी. मुलीचा रात्रीचा फोन आला तर लगेच घरी ये म्हणू नका आणि रागावूही नका. तिला जेवलीस का ते विचारा. आज बाळ मुलगा झाला की मुलगी, त्याची आई कशी आहे, ते विचारा. बोलता बोलता तिच्या लक्षात येईल की आज आपल्यासमोर एक जीव जगात आला. आनंदीबाईंच्या बाळाजवळ असे शिकलेले कुणी नव्हते. तुमच्या मुलीमुळे कुणाच्या तरी बाळाजवळ ते असणार आहे.

निर्गमाच्या पुस्तकात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींची नावे आहेत. फारोचे नाव त्या ठिकाणी दिलेले नाही, पण सुइणींची नावे देवाच्या वचनात जपून ठेवलेली आहेत. या आठवड्याच्या कौटुंबिक प्रार्थनेत आपल्या परिसरातील सर्व परिचारिका, शिकाऊ मुली आणि प्रसूतीची वाट पाहणाऱ्या माता यांची आठवण ठेवावी. ज्यांच्या घरी अशी विद्यार्थिनी भाड्याने राहते, त्यांनी रात्रपाळीहून आल्यावर तिला गरम चहाचा एक कप द्यावा. तीही प्रसूतिसेवाच आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू